जडावाच्या जुन्या सुरीचा खडा निसटलाय? या चुका टाळा

जडावाची जुनी सुरी हाती आली आणि मुठीवर दोन-तीन कोंदणं रिकामी दिसली, की हात आधी ब्रशकडे जातो. तिथेच थांबा. कोंदणाच्या तळाशी साचलेला मळ हा हरवलेल्या खड्याचा बहुतेक वेळा एकमेव पुरावा असतो.

आधी पात्यावर जाड कापड गुंडाळा आणि मग १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तळ बघा. लालसर तपकिरी, ठिसूळ थर दिसला तर ती बहुधा लाख, म्हणजे इथे खडा होता. धातूला वितळून चिकटलेले काचेसारखे कण दिसले तर तिथे मिनाकारी असण्याचा संभव जास्त. अशा खाचेत खडा बसवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, नवीच सजावट झाली. खरवडून निघालेला प्रत्येक कण छोट्या पुडीत ठेवा आणि कुठल्या कोंदणातला ते वर लिहा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे मूठ स्पिरिटने पुसणं. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एका खड्यासाठी बसलेला माणूस शेजारचे चार सैल करून उठतो. ध्वनिलहरींनी दागिने धुणारं अल्ट्रासॉनिक यंत्रही नकोच. फिरोजा, पोवळं आणि लाखेवर बसवलेलं काहीही त्यात घालू नये.

आता ओळख. हरवलेला खडा शेजाऱ्यांवरून ठरवायचा, पण शेजारीही नंतर बदललेले असू शकतात. लाल दिसला की माणिक, हा समज तर फार जुना आहे. स्पिनेल हे माणकापेक्षा वेगळं खनिज आहे, हे १७८३ साली मांडलं गेलं. त्याआधी लाल स्पिनेल सर्रास माणिक म्हणून मिरवत असे. डायक्रोस्कोपमधून, म्हणजे खड्याच्या रंगछटा शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या छोट्या नळीतून, माणिक दोन छटा दाखवतं. स्पिनेल, गार्नेट (हाही लाल खडाच) आणि काच एकच. खड्याच्या पोटात वक्र रेषा आणि गोल बुडबुडे दिसले तर ते ज्योतीत वितळवून बनवलेलं कृत्रिम माणिक समजा. ही पद्धत १९०२ मध्ये जाहीर झाली. त्याहून जुन्या सुरीवर असा खडा बहुधा मूळचा नसतो, त्यामुळे त्याला नमुना धरू नका.

रंग जुळवताना मीही फसलो आहे. तळहातावर ठेवलेला नवा गार्नेट शेजारच्या खड्याशी हुबेहूब जुळत होता. कोंदणात ठेवला आणि तो काळा पडला, जणू विझलाच. मूळ खड्यामागे चकचकीत पातळ पत्रा होता, जडिये त्याला डाक म्हणतात. मागून बंद असलेल्या कोंदणात उजेड वरून शिरतो आणि त्या पत्र्यावरून परततो. म्हणजे मी रंग खड्याचा समजत होतो, तो निम्मा डाकेचा होता. तेव्हापासून खडा नेहमी पत्र्यावर ठेवून, दिवसाच्या उजेडात जुळवतो. अशा कोंदणात पाणीही जाऊ देऊ नका, डाक काळवंडते.

मापाचंही तसंच. जुने खडे हातानं घासलेले, एक बाजू फुगीर, दुसरी चपटी. बाजारातला अचूक ४ मिमी गोल खडा त्यात डुलतो. कॅलिपरने लांबी, रुंदी आणि खोली मोजा, कागदावर कोंदणाचा आकार उतरवा आणि त्या मापाचा खडा घासून घ्या. कोंदणाची कड उघडून मोठा खडा कोंबू नका. वर्षानुवर्षांत कडक झालेला धातू तडकतो.

बसवलेला खडा काही आठवड्यांत निसटला, तर तळाला मेण किंवा तेलकट थर राहिलाय का ते पाहा. कडेला पांढरट धुरकट थर दिसला तर तो झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूचा. असा डिंक आणि दोन घटक मिसळून लावायचा इपॉक्सी डिंक, दोन्ही टाळा. संग्रहालयांत वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ हा राळेचा डिंक गरज पडल्यास ॲसिटोनने सोडवता येतो.

आणि मूळच्या खड्याबद्दल खात्री होत नसेल, तर कोंदण रिकामं ठेवा. बदललेल्या प्रत्येक खड्याची नोंद आणि आधीचा फोटो सुरीसोबतच राहू द्या.