अलॉयला स्पेसर लावताना: मापं, आटे आणि टॉर्क

नवी अलॉय रिम आतून शॉकअपला घासते किंवा तिचे स्पोक ब्रेकच्या कॅलिपरला अडतात, तेव्हा दोनच मार्ग उरतात. योग्य ऑफसेटची (ईटीची, खाली सांगितलंय) रिम घ्यायची, नाहीतर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि रिम यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे धातूची चकती, घालायचा. रिम अजून विकत घेतलेली नसेल तर पहिलाच मार्ग धरा. स्पेसर हा शेवटचे पाच-दहा मिमी भागवण्यासाठी असतो. निव्वळ रुबाबासाठी चाकं २५-३० मिमी बाहेर काढायची असतील तर बेअरिंगचा खर्च आधीच धरून ठेवा.

चाकाचा भार नट पेलतात, असा बऱ्याच जणांचा समज असतो. नटांचं खरं काम दाबून धरण्याचं आहे. रिमची आणि हबची सपाट बाजू एकमेकींवर घट्ट दाबल्या गेल्या की त्यांच्यातलं घर्षण चाक धरून ठेवतं. स्पेसर आला की एका सांध्याचे दोन सांधे होतात. पुढे काय बिघडतं हे समजायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: हा दाब जिथे कमी पडेल तिथे नट ढिले होतात किंवा स्टड (हबमधून बाहेर आलेले, ज्यांवर नट चढतात ते दांडे) तुटतात.

पीसीडी म्हणजे नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिमीतला व्यास. तो जुळत नसेल तर साधा स्पेसर उपयोगाचा नाही. स्विफ्ट, बलेनो, आय-२० यांचा पीसीडी ४ × १००, फिगो-इकोस्पोर्टचा ४ × १०८ आणि जुन्या पुंटोचा ४ × ९८. पुंटोची रिम स्विफ्टला 'बसते' म्हणून विकणारे भेटतात. फरक फक्त २ मिमीचा असल्याने नट चढतातही, पण तिरके बसतात आणि स्टड वाकतो.

आता मापं. रिमवर, बहुतेक वेळा मागच्या बाजूला किंवा स्पोकच्या आत, '१६ × ७ जे, ईटी ४५' असं कोरलेलं असतं. 'जे'च्या आधीचा आकडा म्हणजे इंचांतली रुंदी. ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते. समजा, जुनी रिम ६ जे, ईटी ४५ होती आणि नवी ७ जे, ईटी ४५ आहे. रुंदी २५.४ मिमीने वाढली, म्हणजे आत १२.७ आणि बाहेर १२.७. आत शॉकअपपाशी तेवढी जागा सहसा नसते. १० मिमीचा स्पेसर घातला की ईटी ३५ झाल्यासारखं होतं: आत वाढ फक्त २.७, पण बाहेर २२.७. टायरही रुंद घेतला असेल तर हाच हिशोब टायरच्या रुंदीने करा. १८५ चा २०५ केला तर प्रत्येक बाजूला साधारण १० मिमी वाढतात.

बाहेरचे मिमी फेंडर सोसेल का, हे बघायला ओळंबा लागतो. दोरीला एक नट बांधला तरी काम होतं. गाडी सपाट जागी उभी करून फेंडरच्या कडेवरून दोरी सोडा आणि सध्याच्या टायरच्या सर्वांत फुगीर भागापर्यंतचं अंतर मोजा. कॅलिपरसाठी कणीक वापरा. कॅलिपरच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावर सुपारीएवढी गोळी चिकटवा, टायर न चढवलेली रिम स्पेसरसकट बसवा, नट हाताने आवळा, चाक सावकाश एक फेरा फिरवा आणि रिम काढून घ्या. दबलेल्या कणकेची जाडी ३ मिमीपेक्षा कमी भरली तर ते माप सोडा. बॅलन्सिंगची चिकटपट्टीची वजनं रिमच्या आत बसतात, त्यांनाही जागा लागते.

स्पेसर दोन प्रकारचे. ३, ५ किंवा १० मिमीचा स्पेसर नुसता स्टडवर सरकवतात आणि चाक गाडीच्याच स्टडवर आवळलं जातं. १५-२० मिमीपासून पुढचे जाड स्पेसर हबला स्वतंत्र नटांनी बसतात आणि त्यांना स्वतःचे स्टड असतात.

सरकवायच्या स्पेसरमध्ये आटे कमी पडणं हा सगळ्यात मोठा धोका. नट किमान स्टडच्या जाडीएवढा चढला पाहिजे. १२ मिमीचा स्टड १.२५ च्या आट्यांचा (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) असेल तर जवळपास १० पूर्ण फेरे, १.५ च्या आट्यांचा असेल तर ८. हाताने नट फिरवत मोजा. कमी भरले तर लांब स्टड बसवून घ्या किंवा पातळ स्पेसर लावा. आणखी एक गोम: मारुतीचे आटे १.२५ चे आणि ह्युंदाईचे १.५ चे. दोन्ही नट दिसायला सारखे असतात. चुकीचा नट दोन फेरे हाताने चढतो आणि मग अडतो. तिथे इम्पॅक्ट गन लावली की आटे सोलून निघतात.

दुसरी अडचण हबच्या मधल्या गोल लिपची, म्हणजे वर उठलेल्या कडेची. चाक मध्यावर आणते ती ही लिप. जाड स्पेसर ती गिळून टाकतो आणि चाक केसभर सरकून बसतं. मग ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि कितीही वेळा बॅलन्सिंग केलं तरी थांबत नाही. म्हणून स्पेसरला स्वतःची लिप हवी: आतलं भोक गाडीच्या हबच्या मापाचं (स्विफ्ट, बलेनो, आय-२० साठी ५४.१ मिमी), बाहेरची लिप रिमच्या भोकाच्या मापाची. बाजारातल्या बऱ्याच रिम्सचं भोक ७३.१ असतं, तिथे मध्ये हब रिंग लागते. कोणत्याही गाडीला चालावा म्हणून लांबट खाचा पाडलेला 'युनिव्हर्सल' स्पेसर घेऊ नका. त्याला लिप नसते आणि खाचांमुळे दाब धरणारी जागाही कमी होते. दोन स्पेसर एकावर एक तर कधीच नकोत.

जाड स्पेसर घेताना रिमची मागची बाजू बघा. गाडीचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर रिमला नटांच्या दोन भोकांच्या मधल्या जागेत पोकळ खाचा हव्यात. त्या नसतील तर रिम स्टडच्या टोकांवर टेकते, सपाट बाजूवर नाही. नट आवळल्यावर सगळं घट्ट लागतं, आणि काही किलोमीटरमध्ये सुटतं.

बसवताना हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका आणि समोरच्या टोकाच्या चाकाला ठोकळा लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून मग जॅक लावा. चाक काढल्यावर डिस्क नीट न्याहाळा. कारखान्यातून आलेल्या काही गाड्यांच्या स्टडवर पत्र्याच्या पातळ चकत्या अडकवलेल्या असतात, त्या काढा. डिस्क धरणारा स्क्रू बाहेर आलेला असेल तर तो आत घ्या. यातलं काहीही अर्धा मिमी जरी वर राहिलं तरी स्पेसर टेकत नाही. गंज वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकाचक होईपर्यंत घासा. स्पेसर किंवा रिमच्या टेकणाऱ्या बाजूवर जाड रंग असेल तर तोही काढा, कारण रंग दबतो आणि नट ढिले पडतात.

कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेमुळे अ‍ॅल्युमिनिअमचा स्पेसर लोखंडी हबला अक्षरशः चिकटून बसतो. त्यासाठी फक्त लिपवर अँटी-सीझचा पातळ हात द्या. आट्यांना ग्रीस नको: त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

स्पेसर बसवल्यावर तो हाताने हलवून बघा, डुगडुगता कामा नये. नट हाताने चढवा, मग समोरासमोर असे आलटून पालटून, आधी अर्ध्या टॉर्कला आणि मग पूर्ण. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या आणि टॉर्क रेंच वापरा. नटाचा बूडही रिमशी जुळला पाहिजे. बाजारातल्या रिम्सना सहसा ६० अंशांचा शंकू लागतो. होंडाचे मूळ नट गोल बुडाचे असतात, ते तिथे चालत नाहीत.

मग स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा, मागे चार माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून न्या आणि फेंडरच्या आतल्या प्लास्टिकवर ताजे ओरखडे शोधा. ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा. जाड स्पेसर असेल तर चाक काढून आतले नटही तपासावे लागतात. हा कंटाळा बहुतेक जण करतात, आणि सुटतात ते नेमके आतलेच नट.

गाडीत असे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येऊ शकतात. टायर फेंडरच्या बाहेर गेला तर पोलिसांच्या नजरेत आधी तोच भरतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेवा.

पोलोसारख्या बोल्टवाल्या गाडीत स्टड नसतात, म्हणून मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीएवढेच जास्त लांब बोल्ट घ्यावे लागतात. जास्त लांब घेतले तर टोकं हबच्या मागे निघून ब्रेकच्या भागांना लागतात. स्टेपनी स्पेसरशिवाय या लांब बोल्टांनी लावली तरी हेच होतं. त्यामुळे मूळ पाच बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यातच ठेवा.