दमट हवेतली ब्राउनी आणि आमटीतले चॉकलेट
कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत ब्राउनी करताना सर्वाधिक काळजी गरम पाण्याच्या भांड्यावर पातेले ठेवून त्यात चॉकलेट वितळवताना घ्यावी, कारण वाफेचे दोन थेंब जरी त्यात पडले तरी साखर आणि कोकोचे कण ओलावा धरून एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेटचा रवाळ, घट्ट गोळा होतो. म्हणून खालचे पाणी उकळू न देता नुसते गरम ठेवावे आणि वरचे पातेले काठावर घट्ट बसणारे घ्यावे. गोळा झालाच, तर तो टाकून देऊ नये. एकेक चमचा कढत दूध घालून घोटल्यास त्याचा उत्तम सॉस होतो. ब्राउनी १७५ अंश सेल्सिअसला भाजावी आणि काडीला थोडा ओलसर चुरा लागत असतानाच बाहेर काढावी.

उरलेल्या कडू चॉकलेटसाठी माझ्या मते काळ्या वाटाण्याच्या आमटीइतकी योग्य जागा दुसरी नाही. मेक्सिकोत मोलेसारख्या तिखट रश्श्यात चॉकलेट घालतातच. आपल्याकडे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाशी त्याचा कडवटपणा सुरेख जुळतो. चौघांच्या आमटीत, गॅस बंद केल्यावर, ७० टक्के कोकोचे सुमारे १० ग्रॅम चॉकलेट विरघळवावे आणि कोकम नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे, कारण अशा चॉकलेटला स्वतःचाही किंचित आंबटपणा असतो.