जाताना जंगल, येताना समुद्र: नागपूरकरांसाठी कॅलिफोर्नियाची रेडवुड वाट

कॅलिफोर्नियाचा उत्तर किनारा गाडीने पाहायचा ठरला, की सगळ्यांची आखणी एकसारखीच असते. सॅन फ्रान्सिस्कोला उतरायचं, एक नंबरच्या हायवेने समुद्राच्या काठाकाठाने वर जायचं आणि शेवटी रेडवुडची उंचच उंच झाडं पाहून परत फिरायचं. २०१९ साली आम्हीही तसंच केलं. २०२४ च्या सप्टेंबरात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मात्र क्रम उलटा केला: आधी आतल्या १०१ नंबरच्या रस्त्याने सरळ जंगलात आणि परत येताना समुद्र. फ्रीमाँटचा आमचा भाचा म्हणाला, "मामी, तुम्ही काहून उलट्या जाऊन राहिल्या?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते. त्यामुळे उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे राहतो. थांबून पाहण्याच्या चांगल्या जागा त्याच बाजूला. म्हणजे प्रत्येक वेळी समोरची लेन कापून आत शिरा आणि निघताना पुन्हा कापून बाहेर या. दक्षिणेकडे उतरताना समुद्र उजवीकडे येतो, थांबायच्या जागाही आपल्याच हाताला, आणि लेन ओलांडायचा प्रश्न उरत नाही.

पहिल्या खेपेला मेंडोसिनोच्या अलीकडे अशाच एका जागी आम्ही थांबलो होतो. माझे यजमान चाळीस वर्षं वर्धा रोडवर डावीकडून गाडी चालवत आलेले. निघताना रस्ता रिकामा होता, आणि रिकाम्या रस्त्यावरच सवय जागी होते. गाडी डाव्या लेनला लागली आणि पुढच्या वळणावरून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक आला. त्याने हॉर्न दाबला, ह्यांनी गाडी उजवीकडे ओढली, ट्रक निघून गेला. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे: कुठेही थांबून निघताना शेजारी बसलेल्याने मोठ्याने "उजवी" म्हणायचं. वाहतूक असेल तर समोरच्या गाडीमागे जाता येतं, पण एकटं असताना हा शब्दच कामी येतो.

उलट्या क्रमाची एक अडचण आधीच सांगते. दक्षिणेकडे येताना कड्याची बाजू तुमची असते आणि ड्रायव्हर डावीकडे बसत असल्यामुळे शेजारच्याच्या खिडकीखाली सरळ दरी दिसते. जेनर गावाच्या उत्तरेचा तुकडा तर छातीत धडधड करणारा आहे. उंचीची भीती असेल त्यांनी तेवढ्यापुरतं मागे, डाव्या बाजूला बसावं.

आता तयारी. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. मुंबईच्या वाणिज्य दूतावासातली मुलाखतीची तारीख कधी फार लांबची मिळते. गाडी चालवणाऱ्याने गिरीपेठच्या आरटीओतून, किंवा तुमचा परवाना ज्या आरटीओचा असेल तिथून, इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्यावं. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात आणि परमिट एक वर्ष चालतं. पण ते तुमच्या परवान्याचं भाषांतर आहे, परवाना नव्हे. मूळ कार्ड घरी ठेवून निघालात तर गाडी मिळणार नाही.

गाडी भाड्याने घेताना क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावावर हवं, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. विम्यात समोरच्याच्या नुकसानीची भरपाई धरलेली आहे का, हे बुकिंग करतानाच वाचा. स्वस्त दिसणाऱ्या भाड्यात पुष्कळदा ती नसते. मोठ्या गाडीचा मोह नको. ह्या रस्त्यांवर छोटी गाडी सोपी जाते.

पेट्रोल पंपावर मशीन पत्त्याचा पाच आकडी पिन कोड मागतं आणि आपलं कार्ड नाकारतं. घाबरू नका. आत काउंटरवर जाऊन पंपाचा नंबर सांगायचा, चाळीस डॉलर द्यायचे, बाहेर येऊन स्वतः भरायचं. उरलेले पैसे परत मिळतात. टाकी अर्ध्याखाली उतरू देऊ नका, आणि नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. जंगलात रेंज नसते.

वाहतुकीचे तीन नियम पाठ असावेत. लाल 'स्टॉप' पाटीपाशी रस्ता मोकळा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. पिवळी शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल, तर दुपदरी रस्त्यावर दोन्हीकडच्या गाड्यांनी थांबायचं असतं. आणि दुपदरी रस्त्यावर तुमच्या मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या, तर बाजूच्या थांब्यात शिरून त्यांना वाट द्यावी लागते. तो तिथला कायदा आहे. हा शेवटचा नियम आपल्याला वरदान वाटतो. मागच्याच्या घाईने आपण कशाला पळायचं?

महिना सप्टेंबर किंवा ऑक्टोबरची सुरुवात. नागपुरातल्या पंचेचाळीस डिग्रीतून सुटका म्हणून लोक मे-जूनमध्ये जातात, आणि किनाऱ्यावर धुक्यात कुडकुडतात. उन्हाळ्यात तिथे दुपारीही पंधरा-सोळा डिग्री असू शकतं. सप्टेंबरातही अंगावर घालायला एक स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट लागतंच. धुक्यावर मात्र चिडू नका. मी एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं, आणि धुकं नसतं तर ही झाडं इतकी वाढली नसती हे तिथे उभं राहिल्यावर मला खरं कळलं. उन्हाळाभर तिथे पाऊस जवळजवळ नसतो. समुद्रावरून आलेलं धुकं पानांवर अडतं, थेंब होऊन खाली गळतं, काही पाणी पानंच शोषून घेतात. म्हणून ही झाडं किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यातच आहेत.

दिवसांचा हिशेब असा धरा. सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्याच्या दिवशी गाडी ताब्यात घेऊच नका. उन्हाळी वेळेत आपल्यात आणि तिथे साडेबारा तासांचा फरक असतो, आणि अर्धवट झोपेत उलट्या बाजूने गाडी चालवणं धोक्याचं आहे. एक रात्र नीट झोपा. दुसऱ्या दिवशी गोल्डन गेट ओलांडून १०१ ने गार्बरव्हिल, साधारण ३२० किलोमीटर. रस्ता मोठा, सोपा. उजव्या बाजूची सवय इथेच होऊन जाते.

तिसरा दिवस पूर्ण राखून ठेवायचा तो 'ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स'साठी. १०१ ला समांतर जाणारा हा जुना रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरचा आहे. समृद्धीवर हे अंतर अर्ध्या तासात संपतं, इथे त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ द्या. झाडं रस्त्याला इतकी खेटून आहेत, की गाडीतून फक्त खोड दिसतं. उतरा, आणि काही वेळ बोलू नका. पेंचमधला उत्तम वाढलेला साग तीस मीटरचा धरला, तर तसे तीन एकावर एक ठेवूनही इथल्या मोठ्या झाडांच्या शेंड्याला पोचत नाहीत. सर्वांत उंच रेडवुड तर ११५ मीटरच्या वर आहे. राष्ट्रीय उद्यानातल्या त्या झाडाकडे जायला बंदी आहे, कारण पाहायला येणाऱ्यांच्या पायांनीच भोवतालची जमीन तुडवली गेली. ते शोधू नका.

ह्याच रस्त्यावरच्या फाउंडर्स ग्रोव्ह ह्या राईत डायरव्हिल जायंट नावाचा रेडवुड आडवा पडलेला आहे. १९९१ मध्ये तो कोसळला. मी मुळाकडून शेंड्याकडे त्याच्या कडेने चालत गेले. मुळांची उपटलेली चकती माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती, पण जाडी पाहाल तर नवल वाटेल. एवढ्या झाडाची मुळं जमिनीत फार खोल नसतात, ती आजूबाजूला दूरवर पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. पडलेल्या खोडावर नेचे, शेवाळं आणि लहान रोपटी उगवलेली. शेंड्याजवळ पोचायला मला दीडशेच्या आसपास पावलं लागली.

आणि खाली वाका. जमिनीवर तीन-तीन हृदयाकृती पानांचा जो हिरवा गालिचा दिसतो, ती आपली आंबुशी. म्हणजे तिचीच मोठी बहीण, रेडवुड सॉरेल. नागपुरात कुंडीत तण म्हणून उपटतो त्याच कुळातली. फांद्यांमधून उन्हाची तिरीप तिच्यावर पडली, की थोड्याच मिनिटांत तिची पानं छत्रीसारखी खाली मिटतात. ऊन सरलं की पुन्हा उघडतात. मी घड्याळ लावून बसले होते. हे माझ्या मोबाइलमधल्या सगळ्या उंच झाडांच्या फोटोंपेक्षा मला जास्त आठवतं. पानं तोडू नका; उद्यानात काहीच तोडायचं नसतं.

चौथ्या दिवशी मुक्काम युरेका किंवा आर्केटाला ठेवून पुढे ऑरिककडे निघा. इथून राष्ट्रीय आणि राज्य उद्यानांचा एकत्र पट्टा सुरू होतो. राष्ट्रीय उद्यान १९६८ चं, १९८० पासून जागतिक वारसा. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हचा फेरा अडीच किलोमीटरच्या आतला आणि जवळजवळ सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतो. धुक्याच्या सकाळी जा. मग १०१ सोडून न्यूटन बी. ड्रुरी पार्कवे घ्या. सोळा किलोमीटर, आणि कुरणात रूझवेल्ट एल्क दिसतात. सांबरापेक्षा मोठं जनावर, आणि सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा काळ. निदान पंचवीस मीटर लांब राहा. फर्न कॅन्यन ही नेच्यांची घळ पाहायची असेल, तर १५ मे ते १५ सप्टेंबर आधी परवानगी काढावी लागते.

पाचवा दिवस क्रेसेंट सिटी आणि हाउलंड हिल रोड. हा रस्ता कच्चा आहे. छोटी गाडी सावकाश जाते, पण भाडेकरारात कच्च्या रस्त्याला मनाई आहे का ते आधी वाचा. त्यावरच्या स्टाउट ग्रोव्हमध्ये दुपारी उशिरा पोचा, तेव्हा ऊन खोडांमधून तिरपं येतं. क्रेसेंट सिटीत त्सुनामीच्या पाट्या दिसतील. १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपानंतर आलेल्या लाटांनी हे गाव उद्ध्वस्त केलं होतं. पाट्यांवरची पळायची दिशा एकदा पाहून ठेवा.

परत फिरताना पहिली रात्र पुन्हा युरेकाजवळ काढा, म्हणजे लेगेटला सकाळी ताजेतवाने पोचाल. एक नंबरचा हायवे तिथे १०१ ला मिळतो, आणि तिथून समुद्रापर्यंत नुसती वळणं. ज्यांना चिखलदऱ्याच्या घाटात मळमळतं त्यांनी निघण्याआधी गोळी घ्यावी; मी आलेपाक चघळत बसले. लेगेटला खोडात बोगदा कोरून गाडी आरपार नेण्याचं एक झाड आहे. जिवंत झाडाला पाडलेलं ते भोक मला पाहवलं नाही. आम्ही पुढे गेलो.

शेवटचं वळण सरतं आणि एकदम पॅसिफिक समोर येतो. ह्या रस्त्यावर तासाला चाळीस-पन्नास किलोमीटर धरा आणि दिवसाला दीडशेपेक्षा जास्त ठरवू नका. मेंडोसिनो देखणं पण महाग; मुक्कामाला सोळा किलोमीटरवरचं फोर्ट ब्रॅग परवडतं. तिथल्या ग्लास बीचवर, एके काळी गावाचा कचरा टाकायचे त्या जागी, लाटांनी घासलेल्या काचा मिळतात. बघा, उचलू नका. पुढे फोर्ट रॉस: १८१२ मध्ये रशियन लोकांनी इथल्याच रेडवुडच्या लाकडातून उभारलेली वसाहत.

आपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणारी माणसं, म्हणून हे कळकळीने सांगते. हा समुद्र गिरगाव चौपाटीसारखा नाही. पाणी बर्फासारखं गार, आणि बऱ्याच लहान लाटांनंतर अचानक एखादी मोठी लाट काठावर बरीच आत येऊन माणसाला ओढून नेते. पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका, ओल्या खडकांवर चढू नका.

एवढं करून वेळ उरला तर सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्यूर वूड्स हे रेडवुडचं जंगल पाहा. पार्किंगचं आरक्षण आधी करावं लागतं, आणि तिथे रेंज नसल्यामुळे ते फोनमध्ये साठवून न्यावं लागतं. उत्तरेचं जंगल पाहिलेल्यांनी ते सोडलं तरी चालेल.

खाण्याचं सोबत थोडं हवंच, कारण वाटेत शाकाहारी जेवण म्हणजे बहुधा सॅलड आणि बटाटे. संत्री नेऊ नका, ताजी फळं विमानतळावर काढून घेतात. ताजा कढीपत्ताही नको: आपल्या संत्र्याच्या बागा ज्या सायला किडीने नासवल्या, ती कढीपत्त्यावर वाढते, आणि कॅलिफोर्नियाला स्वतःच्या लिंबू-संत्र्यांची काळजी आहे. आपला इलेक्ट्रिक कुकरही घरीच ठेवा, तिथला दाब १२० व्होल्टचा, भात तासभर कच्चाच राहील. तिथेच छोटा विकत घ्या. डाळ-तांदूळ सगळीकडे मिळतो.

आम्ही पोह्यांचा चिवडा नेला होता. तो जंगलात गाडीत बसूनच खा. मार्बल्ड मरलेट नावाचा छोटा समुद्रपक्षी आयुष्यभर समुद्रात मासे धरतो आणि अंडं घालायला मात्र ह्या जुन्या रेडवुडच्या शेवाळलेल्या फांदीवर येतो. आपण सांडलेल्या तुकड्यांना 'जे' नावाचे निळे पक्षी जमतात, आणि तेच त्याचं अंडं फोडतात. म्हणून बाकावर शेंगदाण्याचं सालसुद्धा ठेवायचं नाही. परतीच्या वाटेवर युरेकाआधी ट्रिनिडॅड लागतं; तिथल्या टेकडीवर दुर्बीण घेऊन थोडा वेळ बसा. लाटा फुटतात त्याच्या जरा पलीकडे, जोडीने तरंगणारे, बुडी मारून पुन्हा शेजारी शेजारी वर येणारे दोन ठिपके शोधा.