कॅरीत मूल तिसरीत आहे? गणिताच्या निकालाचा कागद नीट वाचा

कॅरी-मॉरिसव्हिलमध्ये नवं मराठी कुटुंब आलं की दोन प्रश्न हमखास येतात: ज्वारीचं पीठ कुठे चांगलं मिळतं, आणि मुलाला शाळेत गणित वरचं मिळेल का. पिठाचं दुकान ज्याचं त्याने शोधावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नॉर्थ कॅरोलायनात चक्क कायद्यात आहे, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्याचा पत्ता नसतो.

तिसरीपासून वर्षअखेर राज्याची ईओजी (एंड-ऑफ-ग्रेड) परीक्षा असते. निकालावर आकडे पुष्कळ. तुम्ही गणिताची लेव्हल तेवढी बघा. ५ ही सगळ्यात वरची. ती मिळाली असेल तर २०१८ च्या कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षी मुलाला वरचं गणित द्यायचं असतं. बाईंची शिफारस लागत नाही, आणि एकदा दिलेलं तुमच्या लेखी संमतीशिवाय काढून घेता येत नाही. हा कायदा उगाच झाला नाही. २०१७ मध्ये इथल्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ने सरकारी आकडे खणून दाखवलं होतं की गरीब घरातली हुशार मुलं तेवढेच मार्क मिळवूनही वरच्या वर्गांबाहेर राहतात.

आता यातली मेख. सहावीपासून पुढे कायदा वरच्या वर्गाची भाषा करतो. तिसरी ते पाचवीसाठी मात्र ‘जास्तीच्या शिक्षणाची संधी’ एवढंच म्हणतो. ही संधी म्हणजे काय, ते स्कूल डिस्ट्रिक्टच्या एआयजी (हुशार मुलांसाठीचा कार्यक्रम) आराखड्यावर, आणि प्रत्यक्षात शाळेवर. माझ्या मुलीच्या चौथीत ती अशी होती: चार अंकी वजाबाकीचा कागद संपला की पाच अंकी वजाबाकीचा कागद. तोही संपला की गुपचूप पुस्तक वाचत बसायचं. याला वरचं गणित म्हणत नाहीत, याला मूल गुंतवून ठेवणं म्हणतात.

म्हणून ‘मिळतंय का?’ असं विचारू नका. ‘हो, मिळतंय की’ असं गोड उत्तर येतं आणि विषय संपतो. ईमेल करा. वर्गशिक्षिकेला लिहा, शाळेतल्या एआयजी टीचरला सीसीत ठेवा. लेव्हल ५ आहे हे पहिल्याच ओळीत, सोबत निकालाचा फोटो. मग विचारा: आठवड्यातून किती वेळा, कोण शिकवतं, या तिमाहीत नेमका कोणता धडा, आणि मुलाने केलेला एखादा कागद बघायला मिळेल का. सूर चौकशीचा ठेवा, भांडणाचा नको. कारपूलच्या रांगेत काच खाली करून विचारलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. शाळा उघडल्यावर पहिले दोन आठवडे जाऊ द्या, मग पाठवा. इयर-राउंड (वर्षभर चालणारी) शाळा जुलैतच सुरू होते, हे विसरू नका.

लेव्हल ४ असेल, किंवा नुकतेच भारतातून आला असाल आणि ईओजीच नसेल, तर रस्ता एआयजीचा. वेक काउंटीत, म्हणजे आपल्या कॅरीच्या जिल्ह्यात, तिसरीच्या सगळ्या मुलांची शाळेतच कॉगॅट (विचारक्षमतेची चाचणी) होते, साधारण शरद ऋतूत. त्यानंतर आलेल्या मुलासाठी चाचणी कधी घेणार, हे लेखी विचारा. पुण्याच्या शाळेतला ‘गणितात ९८’चा कागद इथे कुणाला कळत नाही. मूल आज अपूर्णांक कसे सोडवतं, हे त्याच्या हस्ताक्षरात दाखवा, ते बाईंना लगेच कळतं. कुमॉनची (गणिताच्या खासगी क्लासची) लेव्हल पुढे करण्यात अर्थ नाही. वेगाने बेरजा करणं वेगळं आणि गणित समजणं वेगळं, हे शाळेचं म्हणणं मला पटतं.

नकार आला तर? प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला एआयजीचा आराखडा दर तीन वर्षांनी करावा लागतो आणि त्यात पालकांशी मतभेद झाल्यास काय करायचं, हे लिहावं लागतं. तो डिस्ट्रिक्टच्या साइटवर शोधा आणि प्रिन्सिपलशी बोलताना त्यातलं कलम पुढे ठेवा. शेवटची पायरी राज्याच्या सुनावणीपर्यंत जाते. सहसा एवढं ताणावं लागत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष पाचवीच्या निकालावर ठेवा. तिथे ५ असेल तर सहावीत वरच्या वर्गात नाव लागायलाच हवं. पुढे आठवीतल्या मॅथ १ (हायस्कूल पातळीचं गणित) कडे जायची वाट तिथून सोपी होते. मिडल स्कूलचं टाइमटेबल हातात आलं की त्यात साधं ‘मॅथ ६’ आहे की वरचं ‘प्लस’, एवढं बघा. साधं असेल तर त्याच दिवशी काउन्सेलरला निकालाच्या फोटोसकट मेल टाका. वर्ग सुरू झाल्यावर टाइमटेबल हलवायला कुणी सहज तयार होत नाही.