ऑफ-ग्रिड शेतावर व्हॉलंटियर म्हणून जायचं तर

ऑफ-ग्रिड, म्हणजे सरकारी वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय राहणाऱ्या कुटुंबाच्या छोट्या शेतावर टंचाई कशाची असते विचारलं तर लोक पटकन म्हणतात वीज आणि पाणी. ती असतेच, पण त्याहून जास्त टंचाई असते घरच्यांच्या वेळाची. दोन मोठी माणसं, पोरं, जनावरं, भाजीचे वाफे, सरपण, मधेच रुसलेला पंप आणि यात भर म्हणून तुम्ही. तुम्ही पाच तास राबलात पण ते काम समजावून सांगायला, परत दाखवायला आणि संध्याकाळी निस्तरायला त्यांचे तीन तास गेले, तर तुमच्या येण्याने त्यांना मिळालं काय? त्यामुळे खालचं सगळं त्याच हिशोबाने वाचा, की आपल्यामुळे त्यांचं काम कमी कसं होईल.

आधी व्यवहार काय असतो ते. तुम्ही काम करता, ते राहायला जागा आणि जेवण देतात, पैसे कुणी कुणाला देत नाही. साधारण दिवसाला ४ ते ६ तास, आठवड्याला ५ दिवस असं बहुतेक ठिकाणी चालतं. ही कल्पना नवीन नाही, सेंद्रिय शेतं आणि व्हॉलंटियर यांना जोडणारं वूफ (WWOOF) नावाचं जे जाळं आहे ते १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड यांनी सुरू केलं, लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या लोकांना शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर जाता यावं म्हणून. आता वूफशिवाय वर्कअवे, हेल्पएक्स अशा साइट्सही आहेत. वूफवर सेंद्रिय शेतीवाले असतात, बाकी दोन्हीकडे शेतापासून प्रवाशांच्या हॉस्टेलपर्यंत काहीही, त्यामुळे तिथे प्रोफाइल जरा नीटच वाचायचं.

प्रोफाइल वाचताना फोटोंकडे कमी आणि रिव्ह्यूंकडे जास्त बघा. ‘छान अनुभव, सुंदर जागा’ या रिव्ह्यूचा काही उपयोग नाही, कामाचे तास, जेवण, झोपायची जागा याबद्दल कुणी स्पष्ट लिहिलंय का ते शोधा. मग होस्टला (ज्यांच्याकडे राहायचं त्यांना) मेसेज टाका आणि तो सगळ्यांना तोच कॉपी-पेस्ट नको, त्यांच्या प्रोफाइलमधलं वाचून टाका, त्यांना लगेच कळतं. मेसेजमध्ये खरं सांगा: पाठ दुखते का, कशाची अॅलर्जी आहे का, शेतीचं काम कधी केलंय का. ‘काहीच येत नाही पण सांगाल ते करेन’ हे चालतं. ‘सगळं येतं’ म्हणून गेलात आणि खोरं हातात धरता येईना तर मात्र अवघड होतं.

आणि हे विचाराच: झोपायची जागा कुठली (खोली, कॅराव्हॅन, तंबू?), ती गरम कशाने करतात, टॉयलेट कसलं, अंघोळ आठवड्यातून किती वेळा, फोनला रेंज आहे का, सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायचं तर गाडीशिवाय जाता येतं का, त्या दिवसांत नेमकं काम काय चाललेलं असेल, आणि लहान मुलं सांभाळणं हे कामात धरलंय का. हा शेवटचा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत आणि मग शेती शिकायला गेलेला माणूस दिवसभर पोरांच्या मागे पळतो. जायच्या आधी एकदा व्हिडिओ कॉल करा. एकट्याने जाणार असाल तर पत्ता घरी देऊन ठेवा, आणि कुणालाही न विचारता तिथून निघता येईल एवढे पैसे वेगळे ठेवा. हे होस्टवर अविश्वास म्हणून नाही, आडबाजूची जागा आहे म्हणून.

परदेशात जाताय तर व्हिसाचं हलक्यात घेऊ नका. पगार नाही म्हणजे काम नाही असं आपल्याला वाटतं पण बऱ्याच देशांत राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं काम हे कामच धरतात आणि टुरिस्ट व्हिसावर ते चालत नाही. ब्रिटनचंच घ्या, तिथे व्हिजिटर व्हिसावर व्हॉलंटियरिंग करता येतं पण ३० दिवसांपर्यंत आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, कुणाच्या घरच्या शेतावर नाही. ‘अहो सगळे असेच येतात’ असं होस्ट म्हणाला तरी एअरपोर्टवर उत्तरं तुम्हालाच द्यायची आहेत, तेव्हा त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतः वाचा. इन्शुरन्स घेताना शेतीकाम आणि हत्यारं त्यात कव्हर होतात का बघा. धनुर्वाताचं इंजेक्शन १० वर्षांत घेतलं नसेल तर घेऊन जा, माती, शेणखत आणि गंजका खिळा हे तिथे रोजचंच.

सामान कमी न्या. घोट्याच्या वर येणारे बूट, कामाच्या कपड्यांचे दोन जोड, चांगले हातमोजे (होस्टकडचे नेहमी ओले किंवा फाटके असतात), डोक्याला लावायची टॉर्च, मोठी पॉवर बँक, रेनकोट. हेअर ड्रायर, इस्त्री, गरम पाण्याची इलेक्ट्रिक किटली यातलं काही नको, का ते आता सांगतो.

समजा घराला १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. म्हणजे कागदावर १२ गुणिले २००, २४०० वॉट-अवर (एक वॉटची वस्तू तासभर चालली की एक वॉट-अवर). पण ती लेड-अॅसिड असेल तर निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं, म्हणून हातात राहिले १२००. फोन एकदा चार्ज करायला साधारण १५ लागतात, किरकोळ. लॅपटॉप ५० वॉटचा धरला आणि चार तास चालवला की २०० गेले. १५०० वॉटचा हेअर ड्रायर दहा मिनिटं, २५० गेले, आणि खरं तर इन्व्हर्टर १००० वॉटचा असेल तर ड्रायर लावल्या लावल्या तो ट्रिप होऊन अख्खं घर अंधारात. लिथियमवाल्या बॅटऱ्या जास्त खोलवर वापरता येतात पण हिशोब तोच. त्यामुळे चार्जिंग दुपारी करायचं, ऊन असतं तेव्हा. दुपारी बॅटरी भरली की सोलर पॅनेलची जास्तीची वीज तशीही वाया जाते, रात्री तेच चार्जिंग त्यांच्या फ्रीजच्या वाट्याचं खातं. पहिल्याच दिवशी बॅटरीचा मॉनिटर कुठे आहे आणि कुठल्या आकड्याच्या खाली काही लावायचं नाही एवढं विचारून घ्या, होस्ट खूश होतो.

पाणी. छपरावरचं पावसाचं पाणी साठवत असतील तर १ चौरस मीटर छपरावर १ मिलीमीटर पाऊस पडला की १ लिटर, म्हणजे ५० चौरस मीटर छपरावर १० मिलीमीटरच्या चांगल्या सरीत जास्तीत जास्त ५०० लिटर. नेहमीच्या शॉवरमधून मिनिटाला ८-१० लिटर सहज जातात. आता तुम्हीच बघा किती वेळ उभं राहायचं ते. बादलीने अंघोळ करणाऱ्याला इथे काही शिकवायला नको. सांडपाणी बहुतेक वेळा थेट झाडांना जातं, म्हणून साबण, शॅम्पू कुठला चालेल ते आधी विचारा, ब्लीच वगैरे तर नाहीच. आणि पिण्याचा नळ कुठला नि बाकीचा कुठला हे नक्की कळल्याशिवाय ग्लास भरू नका.

कंपोस्ट टॉयलेटचं (पाणी न ओतता भुसा टाकायचा आणि मैल्याचं खत करायचं ते) लोक उगाच टेन्शन घेतात. नीट वापरलेल्या कंपोस्ट टॉयलेटला वास येत नाही. वास येतो तो ओल जास्त आणि भुसा कमी झाला की. प्रत्येक वेळी झाल्यावर लाकडाचा भुसा किंवा जे ठेवलं असेल ते मूठभर नाही, पूर्ण झाकलं जाईल इतकं टाकायचं. काही ठिकाणी लघवी वेगळी जाते, तिथे बसायची पद्धत जरा बदलावी लागते, पुरुषांनीसुद्धा बसूनच. पॅड, वेट वाइप्स, प्लास्टिक यातलं काहीही आत नाही, कारण ते कंपोस्टमधून हाताने वेचून काढणारा माणूस घरातलाच असतो. टॉयलेटखालचा डबा रिकामा करायची पाळी तुमच्यावरही येईल. हातमोजे घाला, कंपोस्टच्या ढिगाच्या मधे खड्डा करून ओता, वरून वाळलं गवत टाका, डबा धुवा, हात साबणाने धुवा, झालं. आधीच नाक मुरडून बसलात तर पाच मिनिटांचं काम तासभर डोक्यात फिरतं.

आता प्रत्यक्ष काम. पहिले काही दिवस तुम्हाला खुरपणीच मिळणार, आणि खुरपणी सोपी असते हा मोठा गैरसमज. गाजराचंच बघा, बी उगवायला दोन-तीन आठवडे घेतं आणि वर येतं ते गवताच्या काडीसारखं, तोवर तण त्याच्या पुढे गेलेलं असतं. नवीन माणूस वाफ्यात बसतो आणि तासाभरात स्वच्छ करतो, गाजरासकट. म्हणून सुरुवात करायच्या आधी होस्टला म्हणायचं, एक रोप दाखवा जे ठेवायचंय आणि एक दाखवा जे काढायचंय. मग हातभर जागा खुरपून परत दाखवायची, बरोबर आहे का म्हणून. त्यात त्यांची दोन मिनिटं जातात आणि पुढचा अख्खा वाफा वाचतो. काढलेलं तण कुठे टाकायचं तेही विचारा, बी धरलेलं तण कंपोस्टमध्ये टाकलं तर पुढच्या वर्षी ते सगळीकडे उगवतं.

हाच नियम बाकी सगळ्या कामांना. पहिला तुकडा करून दाखवायचा, मग पुढे जायचं. छोटी वही खिशात ठेवा, कोंबड्यांना दाणे किती, कुठला व्हॉल्व्ह कुठे फिरतो, कुठली चावी कुठे लटकते हे लिहून घ्या म्हणजे तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला नको. हत्यार जिथून घेतलं तिथेच, माती पुसून. हे वाचायला फालतू वाटतं, पण पाऊस येतोय आणि फावडं सापडत नाही तेव्हा कळतं.

जनावरांच्या बाबतीत, फाटक जसं होतं तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं कारण पाणी पलीकडे आहे. गाई-घोड्याच्या थेट मागे जाऊ नका, जवळ जाताना आवाज द्या, पिल्लू शेजारी असेल तर आई कितीही गरीब असो, अंतर ठेवा. कोंबड्या अंधार पडताना आपण होऊन खुराड्यात जातात, तुमचं काम फक्त मोजायचं आणि दार लावायचं, पण ते एक संध्याकाळ विसरलात तर कोल्ह्या-मुंगसाला तेवढं पुरतं. कुंपणाच्या तारेत करंट असेल तर त्यात साधारण सेकंदाला एक झटका येतो, धडधाकट माणसाला सहसा इजा होत नाही पण जोरात लागतो, बंद कुठून करायचं ते माहीत असू द्या.

कुऱ्हाड आणि चेनसॉ (मोटरवर चालणारी करवत). चेनसॉ ट्रेनिंगशिवाय हातात घ्यायचा नाही, कुणीही दिला तरी. कुऱ्हाड शिकता येते: पाय फाकवून उभं राहा, ओंडका ठोकळ्यावर, आजूबाजूला कुणी नाही ना बघा, पोरं तर नाहीतच. दमलात की थांबा, लागतं ते दमल्यावरच. झोपायच्या जागेत लाकडाची शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का विचारा, नसेल तर शेगडी पेटती ठेवून झोपू नका, त्या वायूला वास नसतो.

घरात राहायचं म्हणजे थोडं दिसायचं आणि थोडं गायब व्हायचं. जेवणानंतर भांडी न सांगता घासा, आठवड्यातून एकदा ‘आज स्वयंपाक माझ्याकडे’ म्हणा. पण संध्याकाळी कधीतरी आपण होऊन खोलीत जाऊन पुस्तक वाचा, त्यांनाही घरच्या घरी बसून भांडायचं असतं. मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ऑनलाइन टाकू तर नकाच.

तास वाढत चालले, जेवण कमी पडतंय, असं वाटलं तर दोन-तीन दिवसांतच शांतपणे बोला. कापणीच्या आठवड्यात एखादा दिवस आठ तास होणं वेगळं आणि रोजच आठ तास होणं वेगळं. बोलून सुधारलं नाही तर निघा, कामाचा करार काही जन्माचा नाही. भीती वाटेल असं कुणी वागलं तर बोलत बसायचं नाही, लगेच निघायचं आणि साइटला कळवायचं.

निघायची तारीख आधीच सांगा, कारण पुढचा व्हॉलंटियर त्यावर ठरतो. शेवटच्या दिवशी चादरी धुवा (ऊन असेल तर, नाहीतर घडी करून ठेवा), आणि अर्धवट राहिलेल्या कामांची चिठ्ठी लिहा: कुठल्या वाफ्यात काय पेरलं, कुठला नळ गळतोय, कुठपर्यंत कुंपण झालं. रिव्ह्यू लिहिताना तास, झोपायची जागा, टॉयलेट आणि रेंज यावर एक-एक वाक्य तरी टाका.