बीपी घ्यायला शिकताना: आकडा आणि त्यानंतरचं बोलणं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी ओपीडीत मी एका आजोबांचं बीपी घेतलं. ते जिना चढून आले होते, धाप लागलेली होती. मी बाहीवरूनच पट्टा बांधला, हात त्यांच्या मांडीवरच राहू दिला आणि हवा सोडता सोडता विचारलं, "गोळी रोज घेता ना?" आकडा आला १६८/९८. "आजोबा, बीपी खूप वाढलंय," मी म्हणाले. ते गप्प झाले, आणि मग मुलाला फोन लावून सांगू लागले की मला बहुतेक ॲडमिट करतील.

सिस्टरांनी त्यांना दहा मिनिटं शांत बसवलं, दंड मोकळा केला, हात टेबलावर टेकवला, बोलू नका म्हणाल्या. १३८/८४. त्या फोनचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी आधी पंप नाही, खुर्ची दाखवते.

पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, किमान पाच मिनिटं विश्रांती. अर्ध्या तासात चहा, कॉफी, सिगारेट झाली का, लघवीला जायचंय का, हे विचारायला लाजू नका. या सगळ्याने आकडा वर जातो. हाताच्या उंचीकडे तर सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली असेल तर आकडा साधारण ७-८ ने जास्त येतो, कारण तेवढ्या उंचीच्या रक्ताचा भार त्यात मिसळतो. आणि हात पेशंटने स्वतः उचलून धरायचा नाही, तो टेकलेला हवा. पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढणारी हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधलात तर नसलेलं बीपी दिसेल. मोठा पट्टा दुसऱ्या खोलीत असेल तर जाऊन आणा.

मनगटाची नाडी धरून आधी अंदाज घ्यायचा, ही पायरी मला वेळखाऊ वाटायची. पट्टा फुगवत नाडी कुठे लागेनाशी होते ते बघायचं, हवा सोडायची, थोडं थांबून त्या आकड्याच्या २०-३० वर फुगवायचं आणि मग स्टेथोस्कोपने ऐकायचं. खरं तर १८९६ साली इटालियन डॉक्टर रिव्हा-रोचीने दंडाचा पट्टा आणला तेव्हा नाडीवरून फक्त वरचाच आकडा कळायचा. ठोके ऐकण्याची पद्धत रशियन डॉक्टर कोरोटकॉफने १९०५ मध्ये मांडली. पण काही पेशंटमध्ये ठोके सुरू होऊन मधेच गायब होतात आणि खाली पुन्हा ऐकू येतात. त्या शांत टप्प्यातूनच सुरुवात केली तर वरचा आकडा कितीतरी कमी लिहिला जातो. नाडीवरचं बोट ही चूक होऊ देत नाही.

आकडा सेकंदाला २-३ ने उतरेल अशा वेगाने हवा सोडा. पहिला स्पष्ट ठोका म्हणजे वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. नीट ऐकू आलं नाही तर मधेच पुन्हा फुगवू नका. सगळी हवा काढा, एक मिनिट थांबा, परत घ्या. जे ऐकलं तेच लिहा. १३० आणि १४० नी भरलेला चार्ट पाहिला की मला आकडे अंदाजे लिहिल्याची शंका येते. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांचं घ्या. डायलिसिससाठी फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडणं) केलेल्या हाताला मात्र पट्टा लावायचा नाही.

आता बोलण्याचं. पेशंट विचारतो, "नॉर्मल आहे ना?" मी आकडा सांगते, अर्थ सांगते: "वरचा म्हणजे हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधला." दवाखान्यात १४०/९० आणि घरी सरासरी १३५/८५ या वाढलेल्या बीपीच्या रेषा बऱ्याच ठिकाणी मानतात, अमेरिकेतल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती १३०/८० वर आणली. एकदा जास्त आलं म्हणजे आजार ठरला असं नाही. दवाखान्यात नुसत्या ताणानेही वाढतं, म्हणून वेगवेगळ्या दिवशी मोजावं लागतं. पण १८०/१२० च्या वर असेल आणि छातीत दुखणं, दम लागणं, अंधुक दिसणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काहीही असेल, तर समजावत बसू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

सर्वांत जपून बोलावं लागतं ते आकडा चांगला आल्यावर. एका काकूंना मी "एकदम नॉर्मल" म्हणाले आणि त्यांनी घरी जाऊन गोळ्या बंद केल्या. त्रास काही नव्हताच. वाढलेल्या बीपीचा बहुधा नसतोच. महिन्याने आल्या तेव्हा वरचा आकडा १७० च्या पुढे होता. आता मी म्हणते, "गोळी चालू आहे म्हणून आकडा बरा आहे. बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून." मग तारीख, वेळ, कोणता हात हे कागदावर लिहून देते आणि विचारते, "घरी विचारलं तर काय सांगाल?" त्या उत्तरात "बरं झालं" असा शब्द आला की मी खुर्ची ओढून पुन्हा पहिल्यापासून सांगते.