इंग्रजीची उजळणी: 'लाइक' दिसलं म्हणून सिमिली लिहू नका

नाशकात दिवाळीची सुट्टी संपली की दहावी-बारावीच्या मुलांच्या हातात फिगर्स ऑफ स्पीचचा, म्हणजे अलंकारांचा, एकपानी तक्ता येतो. डावीकडे नाव, मधे व्याख्या, उजवीकडे खूण. 'लाइक' किंवा 'ॲज' असेल तर सिमिली, एकच अक्षर पुन्हापुन्हा आलं तर अलिटरेशन, निर्जीव वस्तू असेल तर पर्सॉनिफिकेशन. तक्ता चुकीचा नसतो. मुलं फक्त खुणांचा रकाना पाठ करतात, तिथे घोटाळा होतो.

'आय लाइक ग्रेप्स' यात 'लाइक' हे साधं क्रियापद आहे. 'ॲज द बस वॉज लेट, वुई वॉक्ड टू सीबीएस' (नाशकातलं बसस्थानक) यातला 'ॲज' कारण सांगतो. 'ही रन्स लाइक हिज ब्रदर' हीसुद्धा सिमिली नाही, कारण माणसाची तुलना माणसाशीच केली आहे. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात: 'हर व्हॉइस इज लाइक अ टेंपल बेल'. स्पष्टीकरण मागितलं असेल तर 'लाइक हा शब्द वापरला आहे' एवढ्यावर थांबू नका. कशाची तुलना कशाशी आणि कोणत्या गुणावरून, हे लिहा. आवाज, घंटा आणि नाद या तिन्ही गोष्टी उत्तरात दिसल्या पाहिजेत.

अलिटरेशनची चूक स्पेलिंगमुळे होते. 'सिटी' आणि 'कॅट' हे दोन्ही शब्द सी अक्षराने सुरू होतात, पण त्यांत अलिटरेशन नाही. 'फोन' आणि 'फिश' यांची पहिली अक्षरं वेगळी, तरी आहे. शंका आली की शब्द देवनागरीत लिहून बघा. आर्टिकललाही हाच उपाय चालतो. तास या अर्थाचा 'अवर', 'ऑनेस्ट', 'एमएलए' स्वराने सुरू होतात, म्हणून 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी' य ने आणि 'वन-वे रोड' व ने, म्हणून 'अ'. एकच सावधगिरी: वर्ष या अर्थाचा शब्द आपण 'इयर' लिहितो, पण त्याचा खरा उच्चार य पासून आहे. तिथे 'अ'च.

पर्सॉनिफिकेशनच्या खात्यात मुलं काहीही जमा करतात. 'द गोदावरी डान्सेस पास्ट रामकुंड' इथे नदी माणसासारखी नाचते, म्हणून पर्सॉनिफिकेशन. 'ओ गोदावरी, लिसन टू मी!' इथे नदीला थेट हाक मारली आहे, म्हणून आधी अपॉस्ट्रॉफी लिहा. ऐकणं हा माणसाचा गुण तिला दिल्यामुळे पर्सॉनिफिकेशनही सांगता येईल. 'शी स्पेंट अ स्लीपलेस नाइट' यात मात्र रात्र माणूस झालेली नाही. झोप तिला आली नाही, विशेषण तेवढं रात्रीला चिकटलं. हा ट्रान्सफर्ड एपिथेट. ऑक्सिमोरॉन आणि पॅराडॉक्स यांचाही गोंधळ होतो: विरोधी शब्द शेजारी-शेजारी आले ('बिटर-स्वीट') तर ऑक्सिमोरॉन, अख्खं विधानच वरवर विसंगत वाटलं तर पॅराडॉक्स.

आता व्याकरण. सगळ्यात जास्त घाम इनडायरेक्ट स्पीचमध्ये निघतो. 'तो म्हणाला की मी त्र्यंबकला चाललोय' हे मराठीत बिनचूक आहे. 'की' आल्यावरही आपला 'मी' तसाच राहतो आणि काळही. तीच सवय घेऊन मूल 'ही सेड दॅट आय ॲम गोइंग टू त्र्यंबक' लिहितं. इंग्रजीत तो 'आय' सांगणाऱ्याचा स्वतःचा होतो. हवं ते असं: 'ही सेड दॅट ही वॉज गोइंग टू त्र्यंबक'. प्रश्न असेल तर शब्दक्रमही साधा होतो: 'शी आस्क्ड मी व्हेअर द लायब्ररी वॉज'. 'व्हेअर वॉज द लायब्ररी' नाही, 'दॅट' नाही, शेवटी प्रश्नचिन्हही नाही. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर' घाला.

पण 'सेड' दिसला की डोळे मिटून काळ मागे नेणं हीही चूकच. कायमचं सत्य वर्तमानकाळात राहतं: 'द टीचर सेड दॅट द गोदावरी राइझेस नियर त्र्यंबकेश्वर'. आणि बाहेरचं क्रियापद 'सेज' असेल तर आतला काळ हलवायचा नाही.

बाकीचं थोडक्यात. 'नो सूनर'ची जोडी 'दॅन'शी, 'हार्डली'ची 'व्हेन'शी. 'नो सूनर डिड' लिहिल्यावर 'रीच्ड' नको, 'रीच' हवं. 'टू टायर्ड टू वॉक' बदलताना 'सो टायर्ड दॅट' लिहितात आणि पुढचा 'नॉट' विसरतात, मग दमलेला माणूस चालायला लागतो. 'अनलेस'मध्ये नकार आधीच आहे, वर आणखी 'नॉट' लावू नका.

पॅसिव्ह करण्याआधी 'काय?' किंवा 'कोणाला?' असं विचारून कर्म शोधा. 'ही वेंट टू पंचवटी' याला कर्मच नाही, त्याचा पॅसिव्ह होत नाही. 'द फार्मर्स आर प्रूनिंग द वाइन्स' याचा होतो: 'द वाइन्स आर बीइंग प्रून्ड बाय द फार्मर्स'. 'बीइंग' गाळलं तरी वाक्य बरोबर दिसतं, पण छाटणी आत्ता चालू आहे हा अर्थ जातो. पेपर पुन्हा वाचताना नजर हमखास इथूनच घसरते.